तंबोऱ्याची जोडी

ज्येष्ठ सरतां सरतां तुकोबारायांची पालखी बारामतीहून निघते. सणसर, निमगांव केतकी अशीं गांवें मागें टाकीत इंदापुरास येते आणि पुढें सराटीपाशीं नीरा ओलांडून अकलूजच्या वाटेला लागते. ह्या वाटेवर टाळ मोजतां येत नाहींत इतके असतात, पखवाजही पुष्कळ असतात. परंतु एका दिंडींत वीणा मात्र एकच. वीणेकऱ्यानें ती जमिनीवर टेकवावयाची नाहीं. खांदा बदलावयाचा तर दुसऱ्या वारकऱ्याच्या गळ्यांत ती घालावयाची, असा शिरस्ता आहे. टाळांच्या गजरांत ह्या वीणेचा नाद दोन हातांपलीकडे ऐकूंही येत नाहीं. तरीही दिंडीचा मान तिचा, आणि सूर धरावयाचा तोही तिच्यावरून.

ही वीणा म्हणजे तंबोऱ्याचेंच धाकटें भावंड. पुष्कळ वीणांचें पोट भोपळ्याचें असतें, आणि ह्या भोपळ्याची एक गंमत आहे. बारामतीचा मुलूख भिजविणारी नीरा इंदापूर तालुक्याच्या टोंकाला, नीरा नरसिंहपूर येथें, लक्ष्मीनृसिंहाच्या देवळापाशीं भीमेला मिळते. तेथून भीमा पंढरपुराकडे जाते. आणि पंढरपूर, मंगळवेढें ह्याच बाजूच्या शेतांतून वाद्यांचे भोपळे पिकतात. म्हणजे वारीला निघालेली वीणा पुष्कळदां आपल्या माहेरच्याच वाटेनें चाललेली असते. मध्यंतरीं ती एकदां मिरजेला राहून आलेली असते, इतकेंच.

मिरजेला हा भोपळा जातो, तेथें त्याचा तंबोरा होतो, सतार होते, वीणा होते. एक चांगला तंबोरा तयार करणें हें मोठ्या कसबाचें काम आहे ह्यांत शंका नाहीं. परंतु त्याहूनही अवघड काम म्हणजे दोन तंबोरे एका आवाजाचे करणें. मैफलींत गवयाच्या मागें दोन तंबोरे दिसतात, ते शोभेसाठीं असतात, किंवा एकाची तार तुटल्यास दुसरा असावा म्हणून असतात, अशी पुष्कळ सुशिक्षित श्रोत्यांचीही समजूत असते. वस्तुतः तसें नाहीं. तंबोऱ्याच्या चार तारा एकामागून एक छेडल्या जातात. चौथी छेडून बोट पुन्हां पहिलीवर येईपर्यंत पहिलीचा नाद ओसरूं लागलेला असतो. दुसरा तंबोरा नेमकी ही ओहोटी भरून काढतो. दोघांचीं आवर्तनें एकमेकांशीं बरोबर जुळलेलीं नसतात आणि जुळवावयाचींही नसतात. त्यामुळेंच गाणाऱ्याच्या पाठीमागें सुराची एक अखंड भिंत उभी राहते. कित्येकदां एक तंबोरा पंचमावर लावतात, तर दुसरा रागाप्रमाणें निषादावर किंवा मध्यमावर. पण ह्या सर्वांस एक अट आहे. दोन्ही तंबोऱ्यांचा षड्ज केवळ उंचीनें नव्हे, तर जातीनें एक पाहिजे. एकाचा नाद मोकळा आणि दुसऱ्याचा बुजलेला असेल, तर भिंतीला तडा जातो, आणि तो तडा गाणाऱ्याला पहिल्या आलापांतच टोंचूं लागतो.

म्हणून ‘जोडी’ हा शब्द तंबोऱ्याच्या धंद्यांत फार जपून वापरला जातो. दोन तंबोरे शेजारीं ठेवले म्हणजे जोडी झाली असें नव्हे.

जोडीचें काम सुरू होतें तें कारखान्यांत नव्हे, शेतांत. वाद्याचा भोपळा भाजीचा नव्हे. दुध्याच्याच जातीचा, पण चवीला कडूजहर असा हा भोपळा आहे. त्याला फळ म्हणून किंमत नाहीं. किंमत आहे ती सालीला. साल जाड पाहिजे, पण दगडासारखी जड नको. घेर मोठा पाहिजे, आणि तो गोल, न पिचकलेला पाहिजे. पुरुषी तंबोऱ्यास चार फुटांच्या आगेंमागें घेराचा भोपळा लागतो. बायकी तंबोऱ्यास त्याहून लहान. वेलावर असतांनाच फळ कसें टेकलें आहे ह्याकडे लक्ष ठेवावें लागतें, कारण ज्या अंगावर तें निजेल तें अंग चपटें होतें. पुढें फळ पुरें पिकून, देंठ सुकून, उन्हांत महिनोन् महिने वाळावें लागतें. आंतला गर आटून बिया खुळखुळूं लागल्या म्हणजे भोपळा तयार.

वाळण्याच्या ह्या गोष्टींत मुलुखाचा संबंध येतो. बारामती, इंदापूर आणि तेथून खालीं पंढरपूर, मंगळवेढें हा सगळा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतला. वर्षाकाठीं पाऊस पांचशें मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. ज्या कोरडेपणाला ह्या मुलुखानें शतकानुशतकें शिव्या दिल्या, तोच भोपळ्याला मानवतो. कोंकणांत वेल वाढेल, फळही धरेल. पण तें वाळण्याऐवजीं कुजण्याचीच भीति अधिक.

परंतु कोरडी जमीन कोरडी राहावी असें तिच्या मालकाला कां वाटावें? नीरेचा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बारामती-इंदापुराच्या माळांवर आला आणि त्याच्यामागून ऊस आला. १९३० नंतरच्या दशकांत इंदापूर तालुक्यांत वालचंदनगरचा साखर-कारखाना उभा राहिला. १९८० सालीं भीमेवर उजनीचें धरण पुरें झालें आणि ओलिताची सीमा आणखी खालीं सरकली. पाणी आलें, हें चांगलेंच झालें; दुष्काळांत गांव सोडून गेलेल्यांच्या नातवंडांना तें सांगावयास नको. पण शेतकऱ्याच्या वहींत ऊस आणि भोपळा शेजारीं मांडून पाहावे. उसाची मोळी कशीही असो, कारखान्याच्या कांट्यावर तिचें वजन होतें आणि वजनाचे पैसे होतात. भोपळ्याचें वजन कोणी विचारीत नाहीं. वेलावरच्या फळांतून तंबोऱ्याच्या मापाचीं निवडक तेवढींच निघतात. बाकीचीं सतारीला, वीणेला, एकतारीला जातात, आणि कांहीं कशालाच जात नाहींत. सुकतां सुकतां अवकाळी पावसाची एक सर आली कीं सालीवर डाग पडतात, बुरशी धरते, आणि वर्ष गेलें. अशा पिकामागें लागणारा शेतकरी थोडा वेडाच म्हणावा लागेल; आणि महाराष्ट्राचें गायन त्या वेडावर उभें आहे.

आतां मिरजेकडे वळूं. हें गांव कृष्णेच्या खोऱ्यांतलें, पटवर्धन संस्थानिकांचें. तेथें शिकलगारांचीं घराणीं होतीं; तरवारी, भाले, जंबिये ह्यांना धार लावणें हा त्यांचा पिढीजाद धंदा. इंग्रजी अमलांत तरवारींचें काम संपलें. त्याच सुमारास संस्थानिकांच्या आश्रयानें मिरजेंत गवयी, बीनकार येऊं लागले, आणि त्यांचीं वाद्यें बिघडलीं कीं दुरुस्तीस उत्तरेकडे पाठवावीं लागत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फरीदसाहेब ह्या शिकलगारानें वाद्यें दुरुस्त करण्याचें काम हातीं घेतलें, आणि दुरुस्ती करतां करतां तो वाद्यें बनवूं लागला. त्याच्या वंशांत व शिष्यशाखेंत हा धंदा इतका वाढला कीं शिकलगार हें नांव मागें पडून ‘सतारमेकर’ हेंच आडनांव झालें, आणि गल्लीसही तेंच नांव पडलें. शस्त्रांचा धंदा सोडून तो कारागीर सुतारकीकडे वळला असें वरवर पाहणारास वाटतें. पण कानशीवरचा हात तोच राहिला. तो तरवारीच्या पात्यावरून तंबोऱ्याच्या घोडीवर आला. ह्या हाताचें महत्त्व पुढें कळून येईल.

मिरजेला गाण्याची संगतही मोठी लाभली. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर येथेंच राहून शिकवीत. विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्यापाशीं येथेंच शिकले. हिराबाई बडोदेकर ह्यांचा जन्म १९०५ सालचा, मिरजेचाच. आणि अब्दुल करीम खांसाहेब! त्यांनीं मिरज हेंच आपलें घर केलें. १९३७ सालीं त्यांचें देहावसान झाल्यावर मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारांत त्यांना ठेवण्यांत आलें, आणि त्यांच्या स्मरणार्थ तेथें दरसाल गाणें होतें. खांसाहेबांचा तंबोरा लावण्याचा हव्यास प्रसिद्ध आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे श्रुतींचें गणित मांडीत असतां खांसाहेबांचा कान त्यांच्या उपयोगीं पडला. ज्या गांवांत असा गिऱ्हाईक दारावर येऊन उभा राहतो, तेथील कारागिराला जेमतेम माल देऊन भागत नाहीं.

भोपळे गाड्यांनीं आले म्हणजे ते कारखान्याच्या माळ्यावर, आढ्याला टांगलेले असे ठेवतात. जोडी करावयाची तर पहिली निवड येथें. घेर सुतळीनें मोजतां येतो. सालीची जाडी मात्र फळ कापल्यावांचून दिसत नाहीं. म्हणून कारागीर भोपळा हातांत तोलून पाहतो, टिचकी मारतो, आणि आवाजावरून ठरवितो. दोन भाऊ एका वेलाचे असले तरी टिचकीला सारखे बोलतीलच असें नाहीं. कधीं कधीं एका भोपळ्याचा जोडीदार पुढच्या हंगामाच्या मालांत सांपडतो, आणि तोंवर पहिल्यानें आढ्याला लोंबत राहावयाचें.

निवडलेला भोपळा पाण्यांत भिजत घालतात. साल मऊ झाली म्हणजे तो कापून आंतील गर व बिया खरवडून काढतात, आणि पुन्हां वाळतांना आकार बिघडूं नये म्हणून आंतून काटक्यांचे आधार देतात. मग त्याला लाकडाचा गळा बसतो, गळ्याला दांडी जोडली जाते, आणि भोपळ्याचें उघडें तोंड तबलीनें झांकलें जातें. लाकूड तुणीचें, लालसर आणि हलकें. ही दांडी भरीव नसते. पन्हळीसारखी कोरून, वर पातळ फळी बसवून ती पोकळ केलेली असते, आणि तीही भोपळ्याबरोबर बोलते. तबली किंचित् फुगीर असते. तिची जाडी हा सगळ्या बांधणींतला नाजूक प्रश्न. जाड राहिली तर तंबोरा मुका होतो. पातळ झाली तर चार तारांच्या ताणाखालीं ती कांहीं वर्षांत खचते. खुंट्या शिसवी लाकडाच्या. सांध्यावर लाकडी पानें चिकटवितात, तीं केवळ नक्षीसाठीं नसून जोड झांकण्याच्या आणि बळकट करण्याच्या कामींही येतात. शेवटीं चपड्या लाखेचें पॉलिश. पूर्वीं कडांना हस्तिदंताची नक्षी असे. आतां ती प्लॅस्टिकची असते, आणि हत्तींच्या दृष्टीनें तें योग्यच आहे.

पाश्चात्य देशांतही एका वादकासाठीं दोन आवाजांचा प्रश्न निघाला, पण त्यांनीं तो निराळ्या रीतीनें सोडविला. विजेच्या गिटारीचे वादक एका गाण्यांत दोन वाद्यें वापरूं लागले. एक खालीं ठेवून दुसरें उचलावें तर तितकी सवड मिळेना. तेव्हां एकाच अंगाला दोन माना बसविण्याची कल्पना निघाली. १९५४ सालीं कॅलिफोर्नियांत सेमी मोझली ह्या कारागिरानें ज्यो मॅफिस ह्या वादकासाठीं असें दुमानी गिटार हातानें बनविलें. १९५८ पासून गिब्सन कंपनी तीं मागणीप्रमाणें करून देऊं लागली. पुढें एक मान गिटारीची आणि दुसरी बेस गिटारीची अशींही वाद्यें झालीं. आपल्याकडील व्हायोलिनवादक एल. शंकर ह्यांनीं १९८० च्या सुमारास केन पार्कर ह्या अमेरिकन कारागिराकडून दहा तारांचें दुमानी व्हायोलिन करवून घेतलें. उंच व्हायोलिनपासून खर्जाच्या बेसपर्यंतचा पल्ला त्यांत एकवटला आहे.

ह्या दुमानी गिटारीच्या बांधणीशीं तंबोऱ्याच्या जोडीची तुलना केली म्हणजे दोन्हींचा स्वभाव स्पष्ट होतो. विजेच्या गिटारीचें अंग भरीव लाकडाचें असतें. तारांखालीं लोहचुंबकावर बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते. पोलादी तार हलली कीं त्या वेटोळ्यांत विजेचा सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो, आणि तोच पुढें वाढवून ऐकविला जातो. नाद निर्माण करण्याची जबाबदारी लाकडावर फारशी राहत नाहीं. तेव्हां दोन्ही माना एकाच फळींतून कापाव्या, एकाच मापाच्या यंत्रावर घासाव्या, हें शक्य होतें. जें कठीण आहे तें मापाचें आणि तोलाचें. गिटारीची तार सामान्यतः ६४८ मिलिमीटर, बेसची ८६४. पडद्यांची जागा गणितानें ठरते: तारेच्या लांबीला १७.८१७ नें भागावें म्हणजे पहिल्या पडद्याचें अंतर येतें, उरलेल्या लांबीला पुन्हां तितक्यानेंच भागावें म्हणजे दुसऱ्याचें. गिटारीवर पहिला पडदा ३६.४ मिलिमीटरवर येईल, बेसवर ४८.५ वर. दोन माना, दोन मापें. त्यांत लांब मानेकडे वाद्य कलंडतें, तें पट्ट्यानें गळ्यांत अडकवून उभें राहणाऱ्याच्या खांद्याचा अंत पाहतें. हातानें असें वाद्य घडविणाऱ्याचें कौशल्य हा भार अंगांत कोठें ठेवावयाचा हें ओळखण्यांत असतें. पण पडद्यांचें कोष्टक एकदां अचूक कापलें कीं तेवढ्यापुरता वाद संपला. तें कोष्टक कोणासही कागदावर लिहून देतां येतें.

तंबोऱ्याला पडदेच नाहींत. काळी एकला लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याची तार सुमारें एक मीटर, म्हणजे बेस गिटारीहूनही लांब. तिचा खर्ज सेकंदाला साधारण ६९ कंपनांचा. तिच्यावर कोणी बोट दाबीत नाहीं, सूर बदलीत नाहीं. सगळें वाद्य एका स्वराच्या पोटांत काय काय आहे तें उघडून दाखविण्यासाठीं बांधलेलें असतें, आणि तें उघडण्याची किल्ली म्हणजे जवारी.

तबलीवर जी रुंद घोडी असते, तिच्या पाठीवरून तारा जातात. व्हायोलिनची घोडी धारेसारखी असते. तार तिला एका बिंदूंत स्पर्श करते. तंबोऱ्याची घोडी सपाट दिसते, पण ती सपाट नसते. तिच्या पाठीला डोळ्याला न दिसणारा, बोटाला जेमतेम कळणारा असा उतार दिलेला असतो. तार कंप पावते तेव्हां ती ह्या उताराला क्षणोक्षणीं टेकते आणि सुटते; तिचा टेकण्याचा बिंदु पुढेंमागें सरकत राहतो. त्या घासटण्यांतून तारेंतले वरचे वरचे स्वर एकामागून एक जागे होतात. घोडी आणि तार ह्यांच्यामध्यें एक सुताचा दोरा सरकवितात. तो केंसभर पुढें गेला कीं नाद बंद होतो, केंसभर मागें आला कीं मोकळा होतो, आणि एका नेमक्या जागीं तंबोरा एकदम बोलूं लागतो. खर्जाच्या तारेंतून कोणीही न लावलेला गंधार ऐकूं येतो तो ह्याच जागीं. तो भास नव्हे. तारेच्या मूळ कंपनाच्या पांचपट वेगानें होणारें कंपन म्हणजेच तो गंधार.

ह्या दोऱ्यानें शास्त्रज्ञांनाही विचार करावयास लाविलें. टॉमस यंग ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें १८०० सालीं असा नियम सांगितला होता कीं, तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूवर ज्या उपस्वरांचें कंपन शून्य असतें, ते उपस्वर त्या नादांत नसतात. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुप्पट उंचीचा स्वर ऐकूं येऊं नये. पियानो किंवा व्हायोलिनच्या तारेला हें ठीक लागू पडतें. चंद्रशेखर वेंकट रामन् ह्यांनीं तंबोरा व वीणा घेऊन पाहिलें, तों हा नियम तेथें मोडतो असें त्यांना आढळलें. जे उपस्वर नसावयाचे तेच ठळकपणें ऐकूं येतात. १९२१ सालीं त्यांनीं हें प्रसिद्ध केलें आणि त्याचें कारण घोडीच्या ह्या विशिष्ट घडणींत आहे हें दाखविलें. नोबेल पारितोषिक मिळण्याच्या नऊ वर्षें आधींचें हें काम. ज्या कारागिरांनीं ती घोडी घडविली त्यांना यंगचा नियम ठाऊक नव्हता, म्हणून तो मोडतांना त्यांना संकोचही वाटला नाहीं.

जवारी लावणें म्हणजे हा उतार कानशीनें काढणें. चारही तारांच्या खालीं तो निरनिराळा काढावा लागतो, कारण पोलादी तार बारीक आणि खर्जाची पितळी तार जाड. दोघींच्या हेलकाव्याची रुंदी वेगळी. कारागीर दोन हात घासतो, भुकटी फुंकून उडवितो, तार चढवितो, ऐकतो, तार उतरवितो, पुन्हां घासतो. जास्त घासलें गेलें तर परत घालतां येत नाहीं; सगळी पाठ नव्यानें खालीं उतरवावी लागते. गवयांच्या आवडीही निराळ्या. कोणाला खुली जवारी पाहिजे, झणझणीत. कोणाला बंद, गोल, खालीं दबलेली. शिकलगारांच्या हाताचें प्रयोजन येथें कळतें. तरवारीच्या पात्याची धार आणि घोडीच्या पाठीचा उतार, दोन्ही डोळ्यानें मोजावयाच्या वस्तु नव्हेत. एक बोटानें ओळखावयाची, दुसरी कानानें.

जोडीची खरी परीक्षा ह्या कामांत होते. भोपळे सारखे निवडले, दांड्या एका झाडाच्या घेतल्या, तबल्या सारख्या जाडीच्या केल्या, तरीही दोन तंबोरे तारा चढवून शेजारीं ठेवले कीं ते दोन निराळ्या घरांतले वाटतात. मग दोघांच्या घोड्या आळीपाळीनें घासावयाच्या. पहिल्याला दुसऱ्याजवळ न्यावयाचें, मग दुसऱ्याला पहिल्याजवळ. डोळे मिटून ऐकणाऱ्याला आतां कोणता वाजतो आहे हें सांगतां येईनासें झालें म्हणजे जोडी जमली. कधीं ती जमतच नाहीं. आणि तंबोरे निर्दोष असूनही दोन निरनिराळ्या गिऱ्हाइकांकडे जातात.

१९७९ च्या सुमारास बंगळूरच्या जी. राज नारायण ह्यांनीं विजेवर चालणारा तंबोरा तयार केला, आणि आतां तो खिशांतल्या टेलिफोनमध्येंही असतो. त्याची निंदा करणें सोपें आहे आणि अन्यायाचें आहे. शहरांतल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत पांच फुटांचें वाद्य ठेवणार कोठें, आणि सकाळीं शाळेपूर्वीं अर्धा तास रियाज करणाऱ्या मुलीला तंबोरा लावून देणार कोण? पुष्कळ घरांत गाणें टिकलें तें ह्या पेटीमुळेंच. पण एका बाबतींत ती शिकणाऱ्याचें नुकसान करते. तंबोरा लावावा लागतो. लावतांना कान तयार होतो. पेटीचें बटन दाबलें कीं सूर लागलेलाच असतो, आणि न लागलेला सूर कसा असतो हें त्या मुलीला कधीं ऐकावयास मिळत नाहीं.

२०२४ सालीं मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालें. त्यामुळें दुसरीकडे बनविलेल्या वाद्यावर मिरजेचें नांव घालण्यास कायद्यानें अडथळा आला, आणि कारागिरांच्या मुलांना धंद्यांत राहण्यास थोडें कारण मिळालें, हें चांगलें झालें. मात्र मानांकन मिळालें तें मिरजेला. भीमेकांठच्या ज्या शेतांत ह्या वाद्याचें पोट पिकतें, त्या शेतकऱ्याच्या वहींत त्यामुळें एखादी रक्कम वाढते कीं नाहीं, हें पाहणें अगत्याचें आहे. लाकूड दुसऱ्या जंगलांतून आणतां येईल, हस्तिदंताऐवजीं प्लॅस्टिक चालेल. पण चार फूट घेराचा, जाड सालीचा, टिचकीला बोलणारा भोपळा कारखान्यांत ओततां येत नाहीं. आणि जोडीला तर असे दोन पाहिजेत.

ज्यांच्या घरीं जुनी जोडी आहे त्यांनीं ती भिंतीला टेकवून न ठेवतां खुंटीला टांगावी किंवा गादीवर निजवावी. वाजवून झाल्यावर तारा किंचित् उतरवाव्या. पावसाळ्यांत खुंट्या फुगतात, तेव्हां त्या जोरानें पिळूं नयेत. इतकें करूनही वर्षादोनवर्षांनीं तारांखालीं घोडीला चरे पडतात आणि जवारी बसते. तेव्हां मिरजेस पाठवितांना दोन्ही तंबोरे पाठवावे, एकाचाच बिघाड असला तरी. एकटा गेला तर त्याची जवारी निघेल आणि उत्तम निघेल. पण ती काढतांना कारागिराच्या कानाशीं दुसरा नसेल, आणि घरीं परत आल्यावर दोघांची ओळख पटणार नाहीं.